जुळणारी केंद्रे

रूपालीने मोजपात्रातले पाणी पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात सावकाश ओतले, नरसाळे उचलून आतली बाटली बाहेर काढली आणि तेच पाणी पुन्हा मोजले. काही फरक नव्हता. तिने वर पाहिले. एखाद्या झाडाची फांदी आड येत नव्हती, की कुठली पन्हाळ मापकावर गळत नव्हती.

"आजूक एकदा वता," ज्ञानोबा ओट्यावरून म्हणाला. "पाणी घरचं हाय, चोरीचं न्हाई."

कवठाळ्याचा पाऊस मोजायचे काम ज्ञानोबाकडे होते. उपग्रह चाळीस मिलिमीटर सांगे त्या दिवशी हा सत्तर कळवी. पासष्टच्या पुढे आकडा गेला की अतिवृष्टी धरतात आणि महसूल मंडळाला सरकारी मदत लागू होते, हे हदगाव तालुक्यात कुणाला सांगावे लागत नाही. त्यामुळे नांदेडहून निघतानाच रूपालीने त्याच्याबद्दल मत करून टाकले होते.

"काका, गेल्या भादव्यात खरंच एवढा पडला?"

"न्हाई, म्या घागरीनं वतला." तो हसला नाही. "वरून फोटू काढणाराला इचारा की. त्याला लई दिसतं म्हणं."

उपग्रहाचा पाऊस गावोगावच्या मापकांशी ताडून पाहणारा तिचा अहवाल उद्या द्यायचा होता. पैनगंगेच्या या खोऱ्यात पुराचा इशारा यापुढे उपग्रहाच्या पावसावरून द्यावा की नाही, हे त्यावर ठरणार होते. नदीकाठच्या माणसांनी घर केव्हा सोडायचे, ते त्या इशाऱ्यावर. त्यात तिची आत्या सरजाबाईही आली. 'देण्यास हरकत नाही,' असे वाक्य रूपालीने लिहून ठेवले होते. एक कवठाळा वगळले की बाकीची जुळणी सुरेख होती.

मापकात खोट नव्हती. म्हणजे माणसात असणार, असे स्वतःला बजावत तिने स्कूटी सावरखेड्याकडे वळवली. अहवालात चांगल्या केंद्राचा एक फोटो हवा होता, आणि सावरखेड्याइतके चांगले केंद्र दुसरे नव्हते. तिथल्या शिवकुमारचे आकडे उपग्रहाशी असे तंतोतंत जुळत, की तिचे मार्गदर्शक रविकांत सर वर्गात त्याचा दाखला देत.

शिवकुमार फाटकातच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात चहाची कपबशी.

"या मॅडम. कवठाळ्याला जाऊन आलात म्हणं? त्यो म्हातारा लई तिरका हाय."

ती हसली. फोटोसाठी मापकाजवळ वाकली आणि वाकलेलीच राहिली. नरसाळ्यात गांधीलमाश्यांनी घर केले होते. तिने नरसाळे कडेला धरून जपून उचलले. आत बाटली नव्हती.

"बाटली कुठंय?"

"फुटली की, मागल्या का त्याच्या मागल्या साली. नवी मागून मागून थकलो." त्याने कपबशी तिच्या हातात दिली. "पण एक दिवस खाडा न्हाई माझा. तुम्हाला ठाऊकच हाय."

"मग आकडा कुठून भरता?"

शिवकुमारला या प्रश्नाचे नवल वाटले. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि उपग्रहाचा रंगीत नकाशा तिच्यापुढे धरला. निळ्या ठिपक्यावर बोट ठेवताच आकडा उमटला.

"ह्याच्यावरून. बाटलीत काडीकचरा पडतो, पाखरं घाण करतात. हे कसं, एकदम साफ."

रूपाली त्या ठिपक्याकडे बघत राहिली. चहावर साय धरली.

"चुकलं का काही, मॅडम?"

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? आम्हा पाऊस मोजणाऱ्यांच्या मीटिंगीला एक जण करून राहिला होता. बघितलं अन् लागलो."

"कुठल्या गावचा?"

"ते कोण इचारतं?"

तिचा फोन वाजला. रविकांत सर होते.

"कवठाळा वगळलंस ना? मग पाठवून दे, मी थांबलोय."

"सर, अजून काही केंद्रं बघायची राहिलीत."

"आता कुठली? गडबड एकाच ठिकाणी होती ना?"

रूपालीने कपबशी कठड्यावर ठेवली. शिवकुमार शर्टाच्या बाहीने मोबाइलची काच पुसत होता.

"जी जुळतात ती, सर," ती म्हणाली. "सगळी."