टॉवर आहे, रेंज नाही

हरिहरेश्वरच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथली अंगणवाडी जयमाला चालवते. गरोदर आणि बाळंतीण बायकांना दर महिन्याला आहाराची पाकिटं द्यायची, तर आधी मोबाइलवरच्या सरकारी ॲपमध्ये त्यांचा चेहरा नोंदीतल्या फोटोशी जुळवावा लागतो. रेंज नसली की चेहरा जुळत नाही आणि पाकीट देता येत नाही. टॉवरसाठी तिनं तीन वर्षं अर्ज केले, ग्रामसभेत ती उभी राहून भांडली. गेल्या दिवाळीआधी टॉवर झाला तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

मार्चपासून रेंज पुन्हा जायला लागली. टॉवर जागेवर होता, पण फोनवर एक दांडी यायची आणि बघता बघता नाहीशी व्हायची.

मे महिन्यात एका दुपारी सहा महिन्यांची गरोदर दुर्गा अंगणवाडीच्या दारात उन्हात उभी होती.

"डोळे मिचकाव," जयमाला म्हणाली.

"किती येळा मिचकावू, बाई? डोळं दुखाया लागलं."

नवव्यांदा पडद्यावर तेच आलं, पुन्हा प्रयत्न करा. मदतनीस बायजाबाई म्हणाली, "देऊन टाका तिला. मागनं बघू."

मागच्या महिन्यात जयमालानं तसंच केलं होतं. मग बैठकीत सुपरवायझर मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाकिटं गेली कुठे?" ते अजून तिला झोंबत होतं. तिनं दुर्गाला रिकाम्या हातानं परत पाठवलं, आत जाऊन फोन टेबलावर आपटला आणि मग घाबरून काच फुटली का ते पाहिलं.

तिनं मोबाइल कंपनीकडे सात तक्रारी केल्या. दर वेळी दोन दिवसांनी मेसेज यायचा, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' आठव्या वेळी मात्र ती फोनवर इतकी चिडून बोलली की पुढच्या आठवड्यात खरंच एक इंजिनिअर आला.

माशाच्या काट्यासारखी अँटेना हातात धरून तो वाडीभर फिरला. जयमाला त्याच्या मागोमाग. अंगणवाडीला लागूनच असलेल्या विनेशच्या लॉजसमोर तो थांबला आणि त्यानं वर बोट दाखवलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीला एक डबा बांधला होता.

"बूस्टर आहे तो," विनेश म्हणाला. "मार्चमध्ये ऑनलाइन मागवला. माझ्या मागच्या खोल्या डोंगराला टेकलेल्या. रेंज नसली की गिऱ्हाईक बॅगा उचलून चालू पडतं."

"तुमच्या खोल्यांत रेंज येते, पण हा टॉवरच्या कानाशी बोंबलत बसतो," इंजिनिअर म्हणाला. "बाकीच्यांचं त्याला ऐकूच येत नाही. परवानगीशिवाय असला डबा लावता येत नाही. आत्ता काढा."

विनेशनं काढला. वायर गुंडाळताना तो जयमालाकडे बघून म्हणाला, "तुम्हीच आणलंत ना यांना? आधी मला येऊन सांगितलं असतं तर?"

"मला ठाऊक होतं का, विनेशभाऊ?" ती म्हणाली. पण तो ऐकायला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा बायकांचे चेहरे अर्ध्या तासात जुळले. दुर्गा पाकीट घेऊन गेली. त्याच दिवशी अंगणवाडीचा नळ कोरडा पडला. पाणी विनेशच्या विहिरीवरून पाइपानं यायचं. त्यानं ते बंद केलं होतं.

बायजाबाई खालच्या आळीतून कळशी भरून आणू लागली. पहिले दोन दिवस जयमाला नुसती धुमसत होती. एवढं करून शेवटी पोरांचं पाणी तुटलं! तिसऱ्या दिवशी लॉजमधून एक कुटुंब बॅगा घेऊन निघताना तिनं पाहिलं. विनेश फाटकाशी उभा राहून त्यांना काहीतरी समजावत होता, आणि ते लोक न ऐकता गाडीत बसत होते.

त्या संध्याकाळी तिनं ग्रामपंचायतीच्या नावे अर्ज लिहिला. वाडीत इंटरनेटची केबल आणावी, डोंगराकडच्या घरांना टॉवरचा उपयोग होत नाही. लिहून झाल्यावर ती लॉजवर गेली.

"पहिली सही तुमची हवी," ती म्हणाली.

विनेशनं अर्ज दोनदा वाचला. "यालाही तीन वर्षं लागणार," तो म्हणाला.

"लागतील."

त्यानं सही केली आणि कागद परत दिला. पाण्याचं तो काही बोलला नाही. तिनंही विचारलं नाही.