अंबूबाईचं उभं राहणं

अंबूबाईला कॅमेऱ्यासमोर साधं उभं राहता येईना. भिसेगावच्या घराच्या अंगणात देवेशने मोबाइल रोखला रे रोखला की ती पदर सावरून, हात मांड्यांना चिकटवून, आधार कार्डाच्या फोटोला राहावं तशी ताठ.

"आये, रोजच्यासारखी हुबी रहा गं."

"मग आता काय डोक्यावर हुबी हाय?" ती फणकारली.

देवेश घरूनच ॲनिमेशनचं काम करायचा. या वेळी त्याच्या वाट्याला एक आजी आली होती, बसची वाट बघत उभी असलेली. बघणाऱ्याला वाटतं, नुसतं उभं राहण्यात काय मोठंसं! पण जिवंत माणूस उभ्या उभ्याही स्वस्थ नसतो. वजन या पायावरून त्या पायावर जातं, कंबर एकीकडे सरकते, खांदा दुसरीकडे उतरतो. ते जमलं नाही तर पडद्यावरची आजी म्हणजे विजेचा खांब.

शेवटी आई ओट्याशी भाकऱ्या थापत असताना त्याने चोरूनच व्हिडिओ काढला आणि तिची एकेक हालचाल संगणकातल्या आजीत उतरवली. इतकं निरखून त्याने आईला जन्मात पाहिलं नव्हतं.

काम बघून वरिष्ठ विनिताचा फोन आला. "मस्त जमलंय रे, पण सगळा भार डाव्याच पायावर आहे. उजवा टेकला की लगेच उचलते. आजी लंगडी वाटते. तेवढं नीट कर."

देवेशने व्हिडिओ पुन्हा लावला. खरंच, आई उजवा पाय धड टेकवतच नव्हती. म्हातारपणाची खोड असेल, असं म्हणून त्याने भार दोन्ही पायांत वाटून टाकला. आजी झकास उभी राहिली, शाबासकीही मिळाली. पलीकडच्या खोलीतल्या आईला मात्र त्याने एका शब्दाने विचारलं नाही. कारण काही नव्हतं, पुढचं काम आलं होतं इतकंच.

दिवाळीच्या तोंडावर अंबूबाई मोरीपाशी पडली. उजवा खुबा मोडला.

कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "सांधा आधीपासूनच झिजलाय. या पायावर भार देता येत नसणार यांना. वेळेत आणलं असतं तर कदाचित हे टळलं असतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

खाटेवरून अंबूबाईच बोलली.

"त्याला नका बोलू, डॉक्टर. पोरगा दिसभर मान खाली घालून राबतो. मीच सांगितलं नाय, मग त्याला कसं दिसंल?"

"तेही खरंच," डॉक्टर म्हणाले.

आणि लाजेने अर्धमेला झालेल्या देवेशनेही मान डोलावली.