मागच्या रांगेतली छाती

मी बोलतोय. दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत छातीचे फोटो काढतो, तोच मी, एक्स-रेचं मशीन. म्हातारा झालोय, सांधे कुरकुरतात, बोलणं फटकळ. लोक उघडी छाती माझ्या पत्र्याला लावतात, "आई गं, किती गार!" म्हणून मलाच शिव्या घालतात आणि जातात.

मी नवा होतो तेव्हा कॅन्सरचा तो मेला डाग कुणाच्या छातीत निघणार, हे ठरलेलं असायचं. पिवळ्या बोटांचे, खिशात काडेपेटी खुळखुळणारे बाप्ये. म्हणून माझ्या फोटोवाल्याने रीतच पाडली. दारात उभा राहून ओरडायचा, "ओढणारे पुढे या! बाकीचे मागे बसा!" कॅन्सर ओढणाऱ्यांना, बाकीच्यांना नुसता खोकला, असा त्याचा हिशेब. आणि हे सांगायचा स्वतः धूर काढत, लेकाचा!

पुढे डाग घरं बदलू लागला. विडीला कधी न शिवलेला दगडफोड्या आला. छपराचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे कापून त्यांची धूळ गिळणारा आला. गाड्यांच्या धुरात दिवसभर उभा राहणारा चौकातला शिपाई आला. मग बायका आल्या, चुलीपुढे फुंकून फुंकून डोळे लाल झालेल्या. सगळ्या मागच्या रांगेत! काहींची पाळी येईस्तोवर डाग लिंबाएवढा झालेला. मला धडकी भरायला लागली. आत येणारं कुणीही असू शकतं, हे कळून चुकलं.

फोटोवाल्याची बायको दुपारी डबा घेऊन यायची. खोकत.

"अहो, माझा पण काढा की एक फोटो."

"तू काय ओढतेस? लाटणं?" तो खिदळायचा. "काढा पी आणि गप बस."

तीही हसायची, हसता हसता खोकायची. हा गडी घरात खिडक्या लावून ओढणार, आणि तो धूर जाणार कुठे? मला बोंब मारावीशी वाटायची. पण बटण दाबल्याशिवाय माझा आवाज निघत नाही.

मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी रांगच मोडली. "खोकला हटत नाही ना? आत घ्या! ओढता का, एवढंच काय विचारता? घरात कोण ओढतं, चुलीत काय जळतं, काम कुठे करता, तेही विचारा." आणि डबेवालीकडे वळल्या. "वहिनी, तुम्हीसुद्धा या."

डाग निघाला. सुपारीएवढा.

"लहान आहे, कापून काढता येईल," बाई म्हणाल्या. "आणखी थांबला असतात तर अवघड होतं."

फोटोवाल्यानेच तिला हात धरून पुढे नेलं. पुढच्या तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं.

आज ती पुन्हा आलीय. तिची धडधड माझ्या पत्र्याला लागतेय, आणि माझीच तंतरलीय. परत तर उगवला नसेल? बाबांनो, ओढत असाल तर विझवा. ओढत नसाल, तरी खोकला अंगावर काढू नका. मी गार आहे, पण चावत नाही.

"श्वास घे," फोटोवाला काचेआडून म्हणाला. "रोख." बटण दाबलं. आणि पुढचं बोलायचंच विसरला. तोही श्वास धरून उभा.

"अहो," ती दाबल्या आवाजात म्हणाली, "सोडू का आता?"