गेलेल्या माणसाची मंजुरी

औषधं पुरवणाऱ्या त्या कंपनीत धंदा बघणारे वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरवाले खाली, आणि दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. मालक होते तोवर तेच जिना चढउतर करून याचं त्याला समजवायचे. वर्षापूर्वी ते गेले. त्यांच्या खुर्चीत बायको आली. कॉम्प्युटर विभाग धाकट्या भावाकडे होताच. घरी ती वहिनी, तो भाऊजी. ऑफिसात मात्र दोघं एकमेकांना नुसत्या ईमेल पाठवायचे. एका छपराखाली बसून, बरं का!

त्यात सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने, इस्पितळाने, बजावलं: इन्सुलिन पुन्हा उशिरा आलं तर आम्ही दुसरा पुरवठादार बघू. ते गेलं की कंपनीला टाळंच. वहिनी म्हणाली, खालच्यांना काम नको. खालचे म्हणाले, वरचे कधी धड सांगतात का?

शेवटी ‘अजाइल’ नावाची कामाची पद्धत शिकवणाऱ्या एक बाई आणल्या. त्यांची पद्धत साधी. रोज सकाळी वरच्यांनी आणि खालच्यांनी एकत्र उभं राहायचं आणि काम कुठे अडलंय ते तोंडाने सांगायचं. पण कसलं काय! सगळी अळीमिळी गुपचिळी. अडलंय म्हटलं की नाक कापलं जातं, अशी या लोकांची जुनी समजूत.

एका सकाळी इस्पितळाची ऑर्डर पुन्हा अडकली. बाई म्हणाल्या, “घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळल्याशिवाय कुणी हलायचं नाही.”

मग भाऊजी पुढे झाला.

“मंजुरीपाशी. मोठी ऑर्डर अजून दादाच्याच मंजुरीला जाते. मी रोज कॉम्प्युटरवर त्याच्या नावाने आत जाऊन ती मंजूर करतो. माझं लक्ष चुकलं की पडून राहते.”

“अहो, मग बदललं का नाही?” वहिनी ओरडलीच.

“कसं बदलू, वहिनी? त्याचं खातं बंद करावं लागतं. माझा हात उठत नाही.”

वहिनीचा राग जागच्या जागी विरला. तिला तरी कुठे ठाऊक नव्हतं? प्रत्येक मोठ्या ऑर्डरखाली नवऱ्याचं नाव ती रोज वाचत होती. हे कसं काय, असं तिने एकदाही विचारलं नाही. ते नाव दिसलं की दिवस ढकलायला बरं वाटायचं. आणि तिकडे आजारी माणसं औषधाची वाट बघत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

“तुमच्या एकट्यापाशी नाही अडलेलं, भाऊजी,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “मीही बघून गप्प बसले. चला खाली.”

भाऊजीने मोठ्या भावाचं खातं उघडलं आणि नुसताच बघत राहिला. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. “करा. मी आहे इथे.”

त्याने बटण दाबलं आणि तोंड फिरवलं. स्वतःच्या नावाने पहिली मंजुरी तिने दिली.

दुपारी इस्पितळातून फोन आला. तिथला फार्मासिस्ट नवा होता, कंपनीतलं कुणी त्याला ठाऊक नव्हतं.

“औषधं वेळेवर पोचली, मॅडम. पण आज बिलावर मंजुरीला नेहमीच्या साहेबांचं नाव नाही. सुटीवर आहेत का?”

“नाही हो,” ती म्हणाली. “साहेब वारले. आता मंजुरी मी देते.”

वर्ष झालं होतं, पण हे वाक्य तिच्या तोंडून आज पहिल्यांदा निघालं. फोन ठेवून ती ढसाढसा रडली. शेजारी उभ्या असलेल्या भाऊजीलाही मग आवरेना.