थोरलीची बाजू

समज, तुझ्या तळहातावर एक बॉबिन आहे. घरच्या शिवणयंत्रात असते तशी बारकी नाही, तिच्या दुप्पट जाड, थंडगार, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. तिच्यावर निळा दोरा गुंडाळलेला आहे, पण अर्धाच; उरलेला अर्धा कुणाच्या गोधडीत गेला ते तुला ठाऊक नाही. दुसऱ्याचा असा अर्धवट दोरा हातात आला की कसं वाटेल? कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीवर बसल्यासारखं — ती अजून कोमट असते ना, तसं... धाकटीला तसंच काहीसं वाटत होतं, आणि ती बॉबिन या हातातून त्या हातात करत उभी होती.

धाकटी म्हणजे लहान मुलगी नव्हे, बरं का. तिला एकोणसाठावं लागलं होतं. पण डोक्यावर थोरली बहीण असली की धाकटी जन्मभर धाकटीच राहते. दोघी मिळून गोधड्या शिवायच्या. सव्वीस वर्षं, एकाच खोलीत, जमिनीवर पसरलेल्या एकाच कापडाच्या दोन कडांना बसून. गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "थोरली-धाकटी आहेत का?" — एका दमात, जणू एकाच बाईचं नाव.

"आता इकडे बघा," मशीनवाली बाई म्हणाली. तिचा उजवा खांदा कायमचा धरला होता, म्हणून ती सगळं डाव्या हातानं दाखवत होती, आणि म्हणूनच आपलं गोधड्या शिवायचं मशीन विकतही होती. तिच्या खोलीत मशीनशिवाय दुसरं काही मावतच नव्हतं : बारा फुटांची लोखंडी चौकट, तिच्यावर तीन रूळ, रुळांवर ताणून बसवलेलं पांढरं सरावाचं कापड, आणि कापडावर पुढे झुकलेला मशीनचा लांबच लांब हात. "साध्या मशीनवर कापड सरकतं, मशीन जागच्या जागी. इथं उलटी तऱ्हा. कापड गप पडून राहतं आणि मशीन हिंडतं. दोन मुठी धरायच्या आणि न्यायचं, मन जाईल तिकडे. याला दुसरं माणूस लागतच नाही!"

दुसरं माणूस लागतच नाही. बाईनं हे कौतुकानं सांगितलं होतं, एखादी आई 'आमचं बाळ रडतच नाही' म्हणून सांगते तसं. धाकटी हसली. हसायला जरा उशीर झाला, हे तिचं तिलाच कळलं.

ताई, म्हणजे थोरली, लेकीकडे गेली ती चार महिन्यांसाठी. तिचं बाळंतपण, नात्यागोत्यातलं दुसरं कुणी हाताशी नाही. बाळानं मान धरली की येते, म्हणाली. मग बसायला लागलं की. मग चालायला लागलं की. आता ते बाळ घरभर पळतं, फोन ओढून घेतं, आणि ताई पलीकडून हसत म्हणते, शाळेत घातलं की बघू गं... दोन वर्षं झाली. दोन वर्षं धाकटी एकटीच शिवते आहे. आपल्या उजव्या कडेला बसते, मध्यापर्यंत जाते, मग उठते, गुडघे धरून अख्खी गोधडी फिरवून घेते, आणि पुन्हा आपल्याच जागी बसून उरलेली अर्धी करते. पलीकडे जाऊन बसणं सोपं पडलं असतं. पण पलीकडे ताईची जागा आहे... आता गुडघे ऐकत नाहीत, कामं परत जातात; म्हणून हे मशीन.

काल तिनं खोली मापली होती. ताईची खाट ठेवून मोकळी जागा नऊ फूट. खाट काढली तर बारा फूट, वर चार बोटं. म्हणजे मावत होतं. मावलं नसतं तर बरं झालं असतं, ठरवायचं काही उरलं नसतं. आज रविवार, सकाळी ताईचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "खोलीत जरा इकडचं तिकडे करावं म्हणते." ताई म्हणाली, "कर की. तुझीच तर खोली आहे." तुझीच! एवढं सहज... 'माझ्या खाटेला हात लावशील तर बघ' असं म्हणायला तिचं काय जात होतं? मी काही तिची वाट बघत बसलेली नाही. पण निदान भांडायचं तरी.

"चारला आणखी एकजण बघायला येणार आहे," बाई सांगत होती. "तसं मला कुणालाही देता येईल. पण तुमचे टाके पाहिलेत मी. चालवून तर बघा. फक्त एक ध्यानात ठेवा, हे म्हणजे जुना बैल आहे, याला स्वतःची अक्कल नाही. नवी मशीनं हात थांबला की थांबतात. हे थांबत नाही. तुम्ही रेंगाळलात तर एकाच जागी टोचत बसेल."

चौकटीखालून एक डोकं बाहेर आलं. बाईची नात, आठेक वर्षांची; तिला घरात भिंगरी म्हणत. आत सतरंजी टाकून ती चित्रं काढत होती. "थांबलात की दोऱ्याचा उंदीर होतो," ती गंभीरपणे म्हणाली.

धाकटीनं मुठी धरल्या. खटका दाबला. मशीन गुरगुरलं, आणि उजव्या कडेपासून निळी रेघ निघाली — तिच्या बोटांखालून नव्हे, तिच्या पुढे-पुढे, जणू ती एखाद्या ओढाळ वासराला फिरायला नेत होती. मान मोडायला नको, सुई टोचायला नको, पाऊल टाकलं की टाके पडतात... आणि मग मशीन अडलं. खट्, खट्, खट् — एकाच जागी निळा गुंता फुगला आणि दोरा तुटला.

"होतं पहिल्यांदा," बाई म्हणाली. तिनं डाव्या हातानं दोरा ओवून दिला.

दुसऱ्यांदाही तिथंच अडलं. त्याच जागी. उंदराशेजारी उंदीर.

"आता मशीनला नाव ठेवू नका हं, कालच तेल घातलंय त्याला!"

"आजी, बरोब्बर मध्ये आहे," भिंगरी वितीवितीनं कापड मोजत म्हणाली.

धाकटीला ते मोजायच्या आधीच कळलं होतं. मशीन अडलं नव्हतं. सव्वीस वर्षं ती या कडेनं निघाली की ताई त्या कडेनं निघायची; ताईचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे बारीक, तिचे लांब, घाईचे; आणि मध्यावर दोघींच्या सुया समोरासमोर आल्या की मान वर न करता ताई विचारायची, "आलीस?" रोज, प्रत्येक रेघेला. तिनं कधी उत्तर दिलं नव्हतं, द्यायचं नसतंच. पण हात थांबायचा, ते ऐकण्यापुरता. गोधडी फिरवून घेता येते. बारा फुटांच्या चौकटीला कुठून फिरवणार...

"इथंच का थांबता?" भिंगरीनं विचारलं.

"इथपर्यंतच माझं असतं."

"आणि पुढचं?"

"माझ्या ताईचं."

भिंगरीनं खोलीत ताई शोधली. "आमच्या वर्गात शेजारचा आला नाही ना, की त्याचं पण आपल्यालाच करावं लागतं."

"आणि त्याला नाही आवडलं तर?"

"मग आल्यावर ओरडतो."

"आणि आलाच नाही तर?"

भिंगरीनं खांदे उडवले. "मग कोण ओरडणार?"

बाई पोरीवर डोळे वटारत होती. धाकटीनं स्वतःच दोरा ओवला, खटका दाबला आणि निघाली. मध्य आला. हात थांबू बघत होते. तिनं पाय थांबू दिले नाहीत. गुरगुर चालू राहिली, दुसरा कुठलाच आवाज आला नाही, आणि निळी रेघ पलीकडे गेली — एक वीत, दोन विती, जरा वेडीवाकडी, नवशिकीची. मग तिनं खटका बंद केला. तिला वाटलं होतं, पलीकडे गेलं की काहीतरी होईल. चोरी केल्यासारखं वाटेल, नाहीतर हलकं वाटेल. ताई तिथं नाही हे तर ठाऊकच होतं. पण तिथं राग नव्हता, रुसवाही नव्हता, तिच्यासाठी राखून ठेवलेलं काहीच नव्हतं... नुसतं कापड होतं. पुष्कळ कापड. एवढं होतं हे? इतकी वर्षं ती समोर बसली होती, आणि तिच्या बाजूला किती कापड आहे ते मी कधी पाहिलंच नाही.

"मग काय म्हणता?" बाईनं विचारलं. "चारवाल्याला नको म्हणून सांगू?"

धाकटीनं तोंड उघडलं. पण आतून हो येतंय की नाही, ते तिला अजून ऐकू येत नव्हतं. तिचे हात मुठींवरच होते.

तेवढ्यात कापड खालून हललं. भिंगरी पुन्हा चौकटीखाली शिरली होती. रेघ जिथं थांबली होती तिच्या हातभर पुढे एक बारीकसं टेंगूळ वर आलं. बोटाचं. ते डावीकडे सरकत गेलं, सावकाश, पार कडेपर्यंत, आणि तिथं उभं राहिलं.

"आता इथपर्यंत या," आतून आवाज आला.

"अगं ए, बोट काढ आधी!" आजी ओरडली. "सुई आहे ती!"

पण भिंगरीनं बोट काढलं नाही.