उसना विस्तव

शालूबाईनं सुईचं टोक काडेपेटीतल्या शेवटच्या काडीत रोवलं आणि काडी उभी चिरायला घेतली. एकीच्या दोन काड्या करणं हा तिचा हातखंडा. पण आज सुई तिरकी गेली, गूल तुटून चुलीपुढं पडलं आणि राखेत दिसेनासं झालं.

तिनं पुन्हा एकदा चुलीतली राख उकरली. थंडगार. रोज संध्याकाळी राखेखाली निखारा झाकून ठेवायचा आणि सकाळी त्यावरच चूल पेटवायची, काडी म्हणून ओढायची नाही, हा या घरचा नेम. काल मात्र टपालवाला दारात न थांबता पुढं गेला आणि त्याच्या पाठमोऱ्या पिशवीकडं बघता बघता ती निखारा झाकायचंच विसरली.

तिचा पोरगा कृष्णात लढाईवर गेला त्याला दोन वर्षं होत आली होती. आषाढापासून त्याचं पत्र नव्हतं. त्याच्या पगारातून येणारा पैसा शालूबाई जसाच्या तसा गाडग्यात टाकी. पोराच्या जिवावरचा पैसा आपण गिळायचा कसा, असं तिला वाटे. रॉकेल वाचावं म्हणून ती दिवेलागणीलाच अंथरुणाला पाठ टेकी. चहा बंद, कालवणातली फोडणी बंद. आपण इथं जेवढं वाचवू तेवढं तिकडं पोराचं आयुष्य वाढेल, असा कसलासा हिशेब तिच्या मनानं धरला होता. तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

आता बनाबाई येईल. बनाबाई म्हणजे पलीकडच्या छपरातली धनगरीण. नवरा, बिराप्पा, मेंढरं घेऊन कोकणात उतरला की ही एकटीच मागं. रोज सकाळी हातात गोवरी घेऊन दारात उभी राही आणि विचारी, "आक्का, इस्तू हाय का?" शालूबाई निखारा देई, पण फुकट नव्हे. त्यावर मापटंभर उपदेश ठरलेला.

"बने, इस्तू झाकाय शीक. राख दाबून बशीव. एवढं जमू ने व्हय बाईमानसाला?"

बनाबाई मान खाली घालून ऐकून घेई. "न्हाई जमत, आक्का," एवढंच म्हणे.

आज तिला काय सांगायचं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! शालूबाई उठली, बसली, पुन्हा उठून दारात गेली आणि थबकली. बनाबाईच्या छपरातून धूर निघत होता, चांगला दाट.

म्हणजे आज हिनं दुसरीकडून विस्तव आणला? वर्षभर माझ्या चुलीवर निभावलं आणि आता हिला दुसरं दार सापडलं? शालूबाईला रागच आला. पदर खोचून ती तरातरा निघाली. निघताना गोवरी घ्यायला मात्र विसरली नाही.

बनाबाई तव्यापुढं बसली होती. टोपल्यात दोन भाकरी भाजून पडलेल्या. चुलीच्या कडेला रात्रीची राख ओढलेली होती आणि तिच्यातला निखाऱ्याचा खळगा अजून मोडला नव्हता. दाराशी एक कोरी गोवरी उभी करून ठेवलेली होती, रोज आणायची तशीच.

"कुणाकडनं आणलास इस्तू?"

बनाबाईचा हात पिठातच राहिला.

"घरचाच हाय, आक्का. रातीचा."

"आजच बरा झाकाय जमला?"

"जमतुया की पयल्यापासनं. आयनं शिकीवलंया."

"मग रोज माज्या दारात कशाला येतीस?"

बनाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग खालीच बघत म्हणाली, "गेल्या पुसाच्या म्हैन्यात तुमच्या घरावर दोन दिस धूर दिसला न्हाई. मी बगाय आले, तर तुमी शिळा तुकडा चावत बसला हुतासा. म्हनलासा, एकल्या जिवाला कशाला चूल." तिनं भाकरी जाळाकडं टेकवली. "पोरगं लढाईवर, आन घरची चूल थंड. मला काय बरं वाटंना. इस्तू मागाय आलं की तुमी चूल पेटीवतासा. पेटली की भाकरी टाकतासाच. जाळ वाया घालवायचा सोभाव न्हाई तुमचा."

गावात चूल थंड राहते ती मयताच्या घरी. हे शालूबाईला का ठाऊक नव्हतं? पण काटकसरीच्या नादात आपण कोणतं अभद्र घरात आणून बसवलं होतं, हे तिच्या आता ध्यानात आलं. तिनं गोवरी पुढं केली, बनाबाईनं तिच्यावर निखारा ठेवला आणि शालूबाई घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं उजाडायच्या आत राख उकरली. निखारा लालभडक होता. चूल पेटली, भाकऱ्या झाल्या, अंगणात ऊन आलं. बनाबाई आली नाही. आता ती कशाला येईल? शालूबाई दर पावलाच्या आवाजाला दाराकडं बघत होती, आणि आज कान टपालवाल्यासाठी टवकारलेले नव्हते.

शेवटी तिनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं. पेटती चूल तशीच सोडून, कोरी गोवरी घेऊन ती पलीकडं गेली.

"बने, इस्तू हाय का?"

बनाबाईनं तिच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. शालूबाईच्या घरावर धूर चढत होता.

"हाय की," ती म्हणाली आणि चिमट्यानं एक निखारा उचलला.

"मोठा दे," शालूबाई चुलीपुढं बसकण मारत म्हणाली. "हात आखडायची खोड बरी न्हवं."