माझी पाठ कुणी पाहिली नाही

मित्रांनो, मी शहराच्या जुन्या नकाशाचं चौदावं पान. वय विचारू नका, कडा बघा म्हणजे कळेल. एका मोजणीदाराने साखळी ओढत, उन्हात रापत गल्लीन् गल्ली मोजली आणि मला शाईने काढलं. चूक शोधून दाखवा, असं तो छातीठोकपणे सांगे.

पुढे रस्ता रुंद करायला अख्खी वस्ती पाडली. चौकातला घड्याळाचा मनोरा मात्र दगडांवर आकडे घालून उतरवला आणि अर्धा कोस लांब, बागेत जसाच्या तसा उभा केला. कचेरीतल्या कारकुनाने तेवढं माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं. मग मी कपाटात पडलो तो पडलोच.

अलीकडे माझा फोटो इंटरनेटवर चढवला. फक्त पुढचा. पाठ कोण बघतो? आता घरबसल्या कुणीही माझ्यावरची एक खूण आणि आजच्या नकाशावरची तीच जागा शोधायची, दोन्हीकडे टाचणी लावायची. अशा चार-पाच टाचण्या लागल्या की मी आजच्या शहरावर बरोबर बसणार.

लोक हौसेने कामाला लागले. त्यांत एक निवृत्त नर्स होती. तिच्या दादाची नजर जात चालली होती. दिसतंय तोवर एकदा आपल्या घराच्या जागेवर उभं राहायचं, एवढंच त्याचं मागणं. वस्ती पाडली तेव्हा ही कडेवर. हिला काय आठवणार? जुनं म्हणून उरला होता तो मनोरा. सगळ्यांनी त्यावरच टाचणी लावली, तिनेही. बाकीच्या त्याच्या आधाराने, अंदाजपंचे. मी मेल्याहून मेलो, पण कागद बोलणार कसा?

दोघं मोबाइल बघत बघत गेली. तिथे गाड्या लावायचं मैदान होतं.

"इथे उतार होता गं," दादा म्हणाला. "सपाट कसं?"

"केलं असेल सपाट, दादा. नकाशात हेच येतंय."

"तू म्हणतेस म्हणजे असेल."

तो खाली बसून जमिनीवर हात फिरवत राहिला. परकी जागा डोळे भरून बघून घेतली त्याने.

काही महिन्यांनी कपाट आवरताना कुणीतरी मला उलटं केलं आणि पाठीवरचं वाचून साइटवर टाकलं. नर्सच्या वाचनात ते आलं, तोवर दादाला उजेडसुद्धा कळेनासा झाला होता. ती आपली टाचणी काढायला गेली, तर माझ्यावर 'काम पूर्ण' असा शेरा पडलेला, आता काही बदलता येत नव्हतं. ती खूप रडली. दादाला मात्र तिने सांगितलं नाही.

मित्रांनो, जुना कागद हातात आला तर उलटूनही बघा. आणि तिथे राहिलेलं माणूस काही वेगळं म्हणालं, तर त्याचं ऐका, माझं नको.

दादा अजून अधूनमधून म्हणतो, "घरी ने गं." ती हात धरून त्याला त्याच मैदानावर नेते. खऱ्या जागेवरून आता सहा पदरी रस्ता जातो. तिथे माणसाला उभं राहता येत नाही.